भिंत न फोडता बसवलेला सराउंड साउंड

अंबाजोगाईतील आमचे घर माळवदाचे आहे. भिंती दगडी, जवळपास दोन फूट रुंद, आणि खाली शहाबादी फरशी. त्यामुळे भिंत फोडून किंवा फरशी उचलून स्पीकरच्या तारा नेण्याचा विचारच मी केला नाही. साउंडबार (टीव्हीसमोर ठेवायचा लांबट स्पीकर), वायरलेस सबवूफर (खर्जाचा स्पीकर) आणि मागे ठेवायचे दोन वायरलेस स्पीकर असा ५.१ चा, म्हणजे पुढून-मागून येणारे पाच आवाज आणि एक खर्ज असलेला, संच घेतला. पुढचे तिन्ही (डावा, मधला, उजवा) आवाज साउंडबारमधूनच येत असल्याने समोर वेगळे स्पीकर मांडावे लागत नाहीत.

या संचात सबवूफर आणि मागचे स्पीकर यांच्यापर्यंत आवाज रेडिओलहरींनी पोचतो, पण वीज मात्र प्रत्येकाला लागतेच. काही संचांत मागचे दोन्ही स्पीकर एका छोट्या डबीला तारेने जोडावे लागतात, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. आमच्याकडे सोफ्याच्या मागे प्लगच नव्हता. इलेक्ट्रिशियनने भिंतीच्या कडेने केसिंग पट्टी मारून तिथे दोन प्लग काढून दिले आणि खरे कष्टाचे काम तेवढ्यात संपले.

टीव्ही आणि साउंडबार यांच्यामध्ये एकच एचडीएमआय केबल आहे. ती टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच केबलने साउंडबारकडे पाठवणारी सोय) किंवा ‘ईएआरसी’ (तिचीच सुधारित आवृत्ती) असे लिहिलेले असते त्यातच लावावी लागते. शेजारचे पोर्ट दिसायला अगदी तसेच असतात आणि अक्षरे इतकी बारीक, की मोबाइलचा टॉर्च लावून वाचावी लागली. एआरसीची सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, त्यामुळे टीव्ही काही वर्षांचा जुना असला तरी सहसा अडत नाही. त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (जोडलेली उपकरणे एकाच रिमोटने चालवण्याची सोय) चालू केले आणि डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वरून (कॉम्प्रेस न केलेला आवाज) ‘ऑटो’वर नेले, कारण साध्या एआरसीवर पीसीएममधून आवाजाचे दोनच चॅनल (डावा आणि उजवा) जातात आणि मागचे स्पीकर नावापुरते उरतात. ब्लूटूथनेही टीव्ही जोडता येतो, परंतु त्यातून स्टिरिओच मिळतो.

जागा ठरवण्यात मात्र बराच वेळ गेला, आणि तो घालवावाच. मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, थोडे मागे आणि कानापेक्षा जरा उंच असावेत. आमच्या भिंतीतले दिव्याचे दोन कोनाडे नेमके त्याच उंचीवर निघाले. वर अजून काजळीचा डाग असलेल्या त्या कोनाड्यात स्पीकर आत सरकवला की आवाज घुमतो, म्हणून दोन्ही अगदी कडेला आणून ठेवले आहेत. सबवूफर कोपऱ्यात ठेवताच फडताळातली पितळी भांडी थरथरू लागली. कोपऱ्यात खर्ज फुगतो, त्यामुळे तो टीव्हीजवळ, भिंतीपासून सुटा ठेवला. उघड्या फरशीवरून आवाज परततो, त्यावर जाड सतरंजी आणि पडदे हा उपाय स्वस्त आणि, माझ्या मते, महागड्या संचाइतकाच महत्त्वाचा आहे.

वीज जाऊन परत आली की मागच्या स्पीकरचे दिवे थोडा वेळ लुकलुकतात आणि आपोआप स्थिर होतात. तसे न झाल्यास स्पीकरवरचे पेअरिंगचे बटण माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे दाबावे लागते.

केबलवरचे कीर्तन बहुधा स्टिरिओच असते. सराउंड मोडमध्ये ते कृत्रिमरीत्या पसरते आणि टाळ पाठीमागून वाजू लागतात, जे आईला मुळीच रुचत नाही. त्यामुळे सकाळी साधा मोड आणि चित्रपट लावला तरच सराउंड, अशी आमच्या घरची व्यवस्था आहे.