दादाचं ऑफिस, भाग ४: टेस्टरचे आठही दिवे लागतात, तरी गिगाबिट नाही

दादाच्या ऑफिसमधल्या काउंटर दोनच्या पीसीची नेटवर्क लाइन गिगाबिटवर का येत नव्हती, ते सापडलं! काउंटर दोनचा लिंक लाइट आज संध्याकाळी हिरवा झाला आणि अजून हिरवाच आहे.

जुना हब काढून माळ्यावर आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (सगळे पीसी एकमेकांना जोडणारा डबा) बसवला, इथपर्यंत मागच्या भागांत सांगितलंय. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलेलं पाणी आम्ही पाहिलंय, त्यामुळे खाली फक्त पीसी, बाकी सगळं वर. मी नव्या ओढलेल्या तिन्ही लाइन पहिल्याच दिवशी १००० एमबीपीएसवर, म्हणजे गिगाबिटवर आल्या. काउंटर दोनची भिंतीतली जुनी लाइन मात्र १०० वर, आणि टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) मध्येच अडकायचं. वीस तारीख तोंडावर, जीएसटीचे थ्री-बी रिटर्न भरायचे, दादा रोज विचारणार, "झालं का रे?"

माझा पहिला संशय पावसावर. इथल्या दमट हवेत प्लगच्या पिना हिरव्या पडतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. खालचा प्लग कापून नवा मारला. केबल टेस्टरवर एक ते आठ दिवे, म्हणजे आठही तारांचे, ओळीने लागले. स्विचचा पोर्ट बदलला, पीसीचं लॅन कार्ड बदललं, वरचाही प्लग बदलला. तेच. लॅपटॉपवर इथटूल (नेटवर्क कार्डची आकडेवारी दाखवणारी कमांड) लावलं तर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी, धडाधड वाढत होत्या. मग जिन्यावरून नवी केबल नुसती सोडून पाहिली, तर लगेच १०००. म्हणजे दोष जुन्या केबलमध्येच. पट्टी उखडून ती काढायच्या तयारीत होतो.

तेवढ्यात हातातल्या कंपनीच्या पॅच कॉर्डवर नजर गेली. तिच्या सहाव्या पिनेला हिरवी तार, माझ्या प्लगमध्ये निळी! ज्याने मूळ वायरिंग केलं त्याने रंग सरळ ओळीने लावले होते: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. मी दर वेळी एकच टोक कापलं आणि समोरचं पाहून तोच क्रम लावला. तीन आणि सहा या पिनांना एकाच पिळाच्या (एकमेकींभोवती पिळलेल्या जोडीच्या) तारा हव्यात. इथे एक हिरव्या पिळातली, दुसरी निळ्या पिळातली. पीळच जुळत नाही, मग क्रॉसटॉक (एका जोडीतला सिग्नल दुसरीत घुसणं) होणारच. टेस्टर फक्त तार इकडून तिकडे पोचते का एवढंच बघतो, त्याला हे कळत नाही. जुन्या हबच्या १० एमबीपीएसला ते खपून गेलं. दोन्ही टोकं टी५६८बी ने (तारांच्या ठरलेल्या प्रमाणित रंगक्रमाने) मारली आणि दिवा हिरवा. बॅकअपची दोन जीबीची फाइल वीस सेकंदांत वर गेली. दादाला खाली बोलावून दाखवली.

पास-थ्रू प्लग घ्याच. तारा पुढून बाहेर येतात, क्रम डोळ्यांनी तपासता येतो. फक्त क्रिंपरचं (प्लग दाबून बसवायच्या पक्कडीचं) पातं धारदार हवं. आणि केबल घेताना तार ब्लेडने खरवडून पाहा. माझ्या मागच्या बॉक्सवर कॉपर छापलं होतं, आत चकचकीत पांढरं ॲल्युमिनियम निघालं. दोनदा वाकवली की तुटते.

पुढच्या रविवारी मागचं अंगण ओलांडून फायलींच्या खोलीत केबल न्यायची ठरली होती. पण लिहिता लिहिता वाटतंय, उघड्यावरून तांबं नकोच. ऑक्टोबरच्या विजांनी शेजाऱ्यांचा राउटर गेला होता. तीस मीटर फायबर (काचेची, प्रकाशावर चालणारी केबल) आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल जोडणारे डबे) टाकले तर वीज तारेतून स्विचपर्यंत येणार नाही. कुणी कोकणात बाहेरून फायबर ओढली असेल, तर पावसाळ्यात पाइपात पाणी साचू नये म्हणून काय केलंत ते सांगा. मी पाइपला खाली उतार देऊन शेवटी भोक ठेवायचं म्हणतोय.