गडग्यावरची रेंज आणि दहा सेकंदांचा निळा पडदा

तालुक्याच्या एका दुकानात माझा लॅपटॉप बारा दिवस पडून होता. तेराव्या दिवशी फोन आला (दिवस बरोबर निवडला), "मदरबोर्ड गेलाय, नवीनच बघा." त्याच गेलेल्या मदरबोर्डवर आत्ता हे टाइप करतोय.

मशीन 2013 चं. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. आमचं घर मालवणजवळ खाडीकाठी. खाऱ्या वाऱ्यात कडी-कोयंडे टिकत नाहीत, तिथे लॅपटॉपचं काय. चालू केला की नुसता बीप-बीप, स्क्रीन काळी. चार्जर आणि बॅटरी काढून मागचं झाकण उघडलं, रॅमची पट्टी बाहेर घेतली. तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला होता. पुतण्याच्या कंपासमधल्या खोडरबराने हलक्या हाताने घासला, फुंकर न मारता ब्रशने कचरा झटकला, पट्टी परत बसवली. स्क्रीन उजळली. बारा दिवसांत दुकानात झाकण उघडलं तरी होतं का, कोण जाणे.

विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी लागते, म्हणजे आमचा गडी पाच पिढ्या मागे. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली, त्यातही तिचं हलकं रूप, एक्सएफसीई. कुडाळला मित्राकडे फाईल उतरवली, रूफस नावाच्या प्रोग्रामने त्यातून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह केला. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी लावली. जमलं तर हा खर्च टाळू नका, वेगात खरा फरक तिनेच पडतो. इन्स्टॉल अर्ध्यावर असताना विजा चमकायला लागल्या, लाइट गेली. बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला वीस मिनिटांत काम झालं.

आणि मग वायफाय.

वायफायच्या जागी काहीच नाही. यादी रिकामी नाही, यादीच नाही. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (आतल्या चिपांची यादी दाखवणारी आज्ञा) टाकल्यावर वायफाय चिपचं नाव कळलं: ब्रॉडकॉम बीसीएम 43142. या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) नसतो, वेगळा घ्यावा लागतो. ड्रायव्हर घ्यायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

यावर उतारा सोपा आहे. फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून देणं) चालू करायचं, लिनक्स लगेच ओळखतं. घरात ब्रॉडबँड असेल तर फोन त्याच्या वायफायवर ठेवूनही हे चालतं. पण आमची ब्रॉडबँडची वायर त्याच आठवड्यात माडाची झावळ पडून तुटलेली, आणि मोबाईलची रेंज येते ती खळ्याच्या टोकाला, गडग्यावर बसलं तरच. मग पडवीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढला, मांडीवर लॅपटॉप घेतला, फोन चिऱ्यावर उभा केला. शेजारचे आबा भातकापणीहून येत होते. थांबले. "काय रे, गरी टाकून बसलंस काय?"

"रेंज धरतंय, आबा."

"गावली काय?"

गावली. ड्रायव्हर मॅनेजर उघडला, ब्रॉडकॉमवर टिचकी मारली. मध्येच त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला. कशासाठी ते न वाचता ठेवला. रीस्टार्ट केला आणि चहा आणायला आत गेलो. परत आलो तर मिंट उघडलेलं, वायफाय नाही.

तो चहा मला दोन दिवसांना पडला. टर्मिनलमधून ड्रायव्हर हाताने चालू करू गेलो की चावी नाकारली, एवढंच उत्तर. ड्रायव्हर काढला, टाकला, पुन्हा गडग्यावर. शेवटी उलगडा झाला. बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट हा पहारा चालू असेल तर बाहेरून घेतलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही, त्याची चावी, म्हणजे सही ओळखायची खूण, आधी नोंदवावी लागते. ती नोंदवायचा निळा पडदा रीस्टार्ट होताना येतो आणि दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं नाही तर मुकाट पुढे जातो, आणि ती संधीही संपते. मग टर्मिनलमध्ये मॉकयुटिल ही आज्ञा वापरून चावी पुन्हा पाठवावी लागते.

दुसऱ्यांदा पडद्यासमोर डोळे ताणून बसलो. बटण दाबलं, मेनू आला, घाईत एंटर मारला. पहिला पर्याय असतो "कंटिन्यू बूट". गेला! तिसऱ्यांदा मात्र खाली येऊन "एनरोल मॉक" (मॉक म्हणजे तीच चावी), मग कंटिन्यू, मग येस, तोच पासवर्ड, रीबूट. वायफायच्या यादीत माझ्याच फोनचा हॉटस्पॉट दिसला तेव्हा आईला हाक मारून दाखवला. तिने विचारलं, "म्हणजे आता काय झालं?" घरात कौतुकाची पातळी एवढीच. एवढं नको असेल त्याने सरळ बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं. मी हट्टाला पेटलो होतो.

खरी चिडचिड पुढेच. सगळं झाल्यावर मिंटची मार्गदर्शिका नीट वाचली. नेट नसेल तर इन्स्टॉलचाच पेनड्राइव्ह परत लावा, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. ड्रायव्हर मॅनेजर त्यातूनच घेतो. पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता. गडग्यावरही.

एक आधी सांगायचं राहिलं. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, ब्राइटनेस तिथेच तपासा. आणि जुनी हार्डडिस्क पुसू नका. स्वस्तातला यूएसबी केस मिळतो, त्यात घालून ठेवलीय. बहिणीच्या लग्नाचे फोटो अजून तिच्यातच आहेत, ते या रविवारी उतरवायचेत.