जंगी लाट ‘तो’ की ‘ते’?

“शंभर-सव्वाशे पानांचं छोटं चरित्र हवंय. व्हाइसरॉय वेव्हेल. चार महिन्यांत द्याल?” असा फोन आला आणि मी हो म्हणून बसले. चाराचे चौदा महिने झाले. त्यातला एक अख्खा महिना तरी एका सर्वनामापायी गेला.

शाळेत वेव्हेल म्हणजे ‘टीपा लिहा’मधली वेव्हेल योजना. दोन गुण. त्या योजनेमागे कुणी हाडामांसाचा माणूस होता याची दखल घ्यायची वेळ आलीच नव्हती. आता समोर आले सत्तांतराच्या कागदपत्रांचे बारा जाडजूड खंड आणि वेव्हेलची रोजनिशी, पेंडरेल मून यांनी १९७३ मध्ये संपादित करून छापलेली. शिवाय मराठी वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म. ती बघायला एका ग्रंथालयात गेले तर यंत्राचा दिवा गेलेला. “पुढच्या आठवड्यात या.” तीन आठवडे गेले, पण त्या फिल्मने मला एक मोठी देणगी दिली. जुने बातमीदार कमांडर-इन-चीफला ‘जंगी लाट’ म्हणत आणि व्हाइसरॉयला ‘बडे लाट’. सरसेनापती, महाराज्यपाल वगैरे शब्द घेऊन मी झगडत होते, ते सगळे त्या दिवशी खोडले. हा माणूस हिंदुस्थानात आधी जंगी लाट होता, मग बडे लाट झाला. एवढ्यात त्याचं निम्मं चरित्र आलं.

सुरुवात सोपी गेली. १८८३ साली कोल्चेस्टरला जन्म, बाप सैन्यात, मुलगा सैन्यात. ब्लॅक वॉच पलटण, बोअर युद्ध, मग हिंदुस्थानची वायव्य सरहद्द. १९११ मध्ये त्याला रशियन सैन्याबरोबर राहायला धाडलं, तिथे तो भाषा शिकला. १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत डावा डोळा गेला आणि मिलिटरी क्रॉस मिळाला. दुसऱ्याच वर्षी, उरलेल्या एका डोळ्यानिशी, कॉकेशसमध्ये लढणाऱ्या रशियन फौजेकडे ब्रिटिशांचा माणूस म्हणून त्याची रवानगी झाली. या कामाला मी आधी ‘संपर्क अधिकारी’ लिहिलं होतं. वाचताना वीजमंडळाची नोटीस वाटली. पेशवाईत याला सरळ वकील म्हणाले असते. दुसऱ्याच्या छावणीत राहायचं, जेवणखाण त्यांचं, खलिते आपल्याकडे. मी ‘वकील’ लिहिलं आणि तळटीप दिली.

इथवर सगळं ‘तो’ होतं. तो शिकला, तो लढला. नमुन्याची तीन प्रकरणं पाठवली तर संपादकांचा फोन: “अहो, फील्ड मार्शल आहे तो, व्हाइसरॉय आहे. ‘ते’ करा.” स्वतः बोलताना ‘तो’च म्हणाले, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी ‘ते’ करायला घेतलं आणि नेमकी तेव्हाच आत्या आमच्याकडे राहायला आलेली. आत्याचं माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, बेचाळीसनंतर पत्री सरकारच्या दिवसांत भूमिगत होते. चष्मा पुसून तिने दोन पानं वाचली. “अगं, बेचाळीसला जंगी लाट कोण होता?”

“हाच.”

“मग आमच्या दादांच्या मागे पलटणी सोडणाऱ्याला तू ‘ते’ लिहिणार? दादांना लिहितेस का कधी?”

आजोबांना आम्ही घरात ‘ते’च म्हणतो. पण तिचा मुद्दा तो नव्हता. ‘चले जाव’ चिरडायला पन्नासहून जास्त बटालियन वापरल्या गेल्या, आणि त्या फौजेचा प्रमुख हाच एकडोळ्या. हे तिला मी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती.

इंग्रजीत असली पंचाईत नाही. तिथे ‘ही’ म्हटलं की चर्चिलही ‘ही’ आणि गाडीवानही ‘ही’. मराठीत मात्र पहिल्याच वाक्याला निवाडा द्यावा लागतो. मी बरेच दिवस सर्वनामच टाळून पाहिलं. ‘वेव्हेलने लिबियातलं तोब्रुक घेतलं. वेव्हेलकडे इटलीचे सव्वा लाखाहून जास्त सैनिक कैद झाले. वेव्हेलला चर्चिलने हलवलं.’ तार वाचल्यासारखं वाटायला लागलं.

शेवटी मी ठरवलं की एक दिवस शोधायचा. त्या दिवसापर्यंत ‘तो’, पुढे ‘ते’.

२० ऑक्टोबर १९४३, शपथविधी? नको, खुर्चीला मान द्यायला चरित्र कशाला लिहायचं. पण त्यानंतरचा आठवडा घ्या. बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती, त्या दुष्काळाचे बळी सुमारे तीस लाख धरले जातात. आधीचे व्हाइसरॉय लिनलिथगो दुष्काळात कलकत्त्याला फिरकले नव्हते. वेव्हेल आठवड्याच्या आत तिथे पोहोचले, फुटपाथवरची माणसं स्वतः पाहिली, आणि धान्य वाहायला लष्कर लावलं. मग लंडनकडे धान्यासाठी जो तगादा सुरू केला तो सोडलाच नाही. लंडनने फारशी दाद दिली नाही. तो आठवडा मी पकडला. आत्या म्हणाली, “उशीरच झाला की.” खरंच उशीर झाला होता. पण मी माझा ‘ते’ मागे घेतला नाही.

लगेच पुढचा खड्डा. मे १९४४ मध्ये गांधीजी आजारी म्हणून पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटले. जुलैच्या रोजनिशीत वेव्हेल यांनी नोंद केली आहे की विन्स्टनची तणतणती तार आली, गांधी अजून मेले कसे नाहीत म्हणून. आता हे ‘मेले’ बघा. ‘वारले’ लिहिलं तर चर्चिल सुतकी चेहऱ्याने चौकशी करतोय असं वाटतं. ‘मेला कसा नाही’ हे चर्चिलच्या तोंडी शोभतं, पण लेखणी वेव्हेल यांची आहे. गांधींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, रोजनिशीत कडवटपणा भरपूर आहे, तरी ही तार त्यांना रुचलेली दिसत नाही. एका ओळीत दोन साहेबांचे दोन सूर. चार दिवस घालवून मी लिहिलं: ‘विन्स्टनची तणतणती तार. गांधी अजून मेला कसा नाही, असं विचारतात!’ चर्चिलला ‘विचारतात’, गांधींना ‘मेला’. ते वाक्य टोचतं. टोचू दे.

सिमला परिषदेचं प्रकरण भराभर झालं. जून-जुलै १९४५, अहमदनगरच्या किल्ल्यात डांबलेले नेते आता समोर पाहुणे. व्हाइसरॉयच्या नव्या कार्यकारी मंडळातले मुस्लिम सदस्य फक्त लीगच नेमणार यावर जिना अडून बसले आणि बोलणी फिसकटली. १४ जुलैला वेव्हेल यांनी अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली. मितभाषी शिपाईगडी, घोळवून बोलणं जमायचंच नाही. त्यांना मुत्सद्दी म्हणताना मी अजूनही अडखळते.

हस्तलिखित गेलं. पहिलं प्रूफ आलं आणि मी मटकन बसले. कुणीतरी ‘तो’ शोधून सरसकट ‘ते’ केला होता, संगणकाच्या एका बटणात. ‘तोफा’च्या ‘तेफा’ झाल्या. सैनिक ‘तेंड’ लपवत होते. सिमल्यात ‘तेडगा’ निघाला नाही. क्रियापदं मात्र जागच्या जागी, म्हणून ‘ते लढला’, ‘ते रशियन शिकला’. त्याच फाइलवर बाकीच्या दुरुस्त्या चढवलेल्या, त्यामुळे मागे जायची सोय नव्हती. अकरा दिवस मी एकेक काना-मात्रा हाताने परत बसवला. जुना ‘तो’ जिथे हवा होता तिथे ठेवला. संपादक या खेपेला काही बोलले नाहीत.

पहिली प्रत आत्याला नेऊन दिली. तिने कलकत्त्याची पानं आधी काढून वाचली, मग मागे येत येत एकसष्टाव्या पानावर थांबली.

“हे तेब्रुक कुठं आलं गं?”