रॉबिन्सनचं जिव्हर्नी : काम छपरांपर्यंत आलं

अमेरिकन चित्रकार थिओडोर रॉबिन्सनच्या ‘अ बर्ड्स-आय व्ह्यू’ची (1889) नक्कल आता छपरांपर्यंत आली आहे. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, साधारण 65 × 81 सेंटिमीटर. मी निम्म्या मापाचा कॅनव्हास घेतलाय. अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पहिला थर, करड्या-तपकिरीत पातळ ठेवलं. पावसाळी हवेत ऑइल वाळता वाळत नाही, म्हणून मधल्या काळात नुसतं बघत बसलो. त्याचा उपयोगच झाला.

रॉबिन्सन म्हटलं की ‘मोनेचा (फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकाराचा) अमेरिकन शेजारी’ एवढंच आपल्या डोक्यात असतं. जन्म 1852 चा, व्हरमाँटमधला. पॅरिसला कारोल्यूस-द्युराँ आणि जेरोमकडे शिकला, म्हणजे हात आधी कडक ड्रॉइंगवर घासलेला. 1887 पासून जिव्हर्नीत, मोनेच्या फ्रान्समधल्या गावात, मुक्काम ठोकायला लागला आणि 1892 च्या अखेरीपर्यंत त्याची बरीचशी वर्षं तिथेच गेली. रंग मोनेच्या संगतीत उजळले, पण जेरोमची तालीम काही सुटली नाही. नक्कल करताना हे ब्रशलाच कळतं. मोनेची गवताची गंजी करताना कड हवेत विरू दिली तरी चालते. इथे छपराची कड विरली की घर कोसळतं.

या चित्रात ऊन असं नाहीच. टेकडीवरून खाली पाहिलेलं गाव, ढगाळ उजेड, घरांचा घोळका आणि पलीकडे शेतांचे हिरवे-जांभळट पट्टे. सगळा खेळ टोनचा, म्हणजे फिकट-गडदपणाचा. छपरांसाठी मी अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि टायटॅनियम व्हाइटचा करडा बनवला, त्यात रोझ मॅडर (गुलाबी-लाल) अगदी सुईच्या टोकाएवढं. ते वाढलं की छप्पर लगेच कौलारू, कोकणातलं दिसायला लागतं. शेजारच्या भिंतीपेक्षा छप्पर जेमतेम अर्धा टोन गडद ठेवायचं. फोनवर इमेज ब्लॅक-अँड-व्हाइट करून पाहिलीत तर लगेच पटेल.

आता फोटोंबद्दल, कारण फोटो पाहून चित्र काढावं की नाही यावर गेल्या वेळी वाद झाला होता. रॉबिन्सन फोटो वापरायचा आणि ते लपवायचाही नाही. ‘टू इन अ बोट’साठी (1891) घेतलेल्या फोटोवर त्याने चौकटी आखल्यात, आपण ग्राफ टाकून चित्र मोठं करतो तशाच. त्याला दम्याचा त्रास होता. बाहेर तासन् तास उभं राहायचं, त्यात ढग सरकतात आणि मॉडेल कंटाळतं. विहिरीवरची, बागेतली, शिवणकाम करणारी बाई फोटोत धरून ठेवणं हा सरळ व्यवहार होता. फोटो पाहून काढणं म्हणजे पाप, असं मानणाऱ्यांनी आधी त्याची ‘लेएत’ (1892) पाहावी आणि मग बोलावं.

तरी माझं मत थोडं तिरकं आहे. मला त्याचं सगळ्यात जिवंत वाटणारं चित्र फोटोवरचं नाही. ‘द वेडिंग मार्च’ (1892) हे त्याने आठवणीतून काढलं. चित्रकार थिओडोर बटलर आणि मोनेची सावत्र मुलगी सुझान यांचं लग्न 20 जुलैला झालं, आणि साधारण दोन आठवड्यांनी रॉबिन्सन कॅनव्हास घेऊन बसला. नगरकचेरीतून चर्चकडे निघालेली वरात, उंच टोप्या, नवरीचा पांढरा बुरखा, उन्हातला रस्ता. माणसं खरंच चालतायत! चेहरे जवळजवळ नाहीतच, पण पावलांची घाई आहे. समोर फोटो असता तर त्याने बुटांचे बंदही काढले असते, अशी मला शंका आहे.

त्याच वर्षी त्याने टेकडीवरून सीन नदीचं खोरं आणि शेजारच्या व्हर्नाँ गावाचा पूल एकाच जागेवरून तीन कॅनव्हासवर, वेगवेगळ्या उजेडात केला. डिसेंबरमध्ये अमेरिकेला गेला तो परत फ्रान्सला आलाच नाही. 1896 मध्ये दम्यानेच गेला, वय 43.

पुढचा टप्पा : छपरांवरचा दुसरा हात, मग धुराडी. त्यानंतर ‘वेडिंग मार्च’मधला फक्त रस्ता, छोट्या बोर्डवर. रस्त्यावरच्या सावल्यांसाठी कोबाल्ट व्हायोलेट घ्यावं की अल्ट्रामरीन-मॅडरवर भागवावं, यावर कुणी काम केलं असेल तर सांगा. कोबाल्ट व्हायोलेटच्या ट्यूबची किंमत पाहून हात आखडतोय.