लेव्हरकुझेन: ३४ सामने, एकही हार नाही

बायर लेव्हरकुझेनने २०२३-२४ ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल फुटबॉल लीग, एकही सामना न हरता जिंकली. तरी अजूनही कोणी फुटबॉलवेडा फोनवर भेटला की तेच ऐकवतो: "शेवटच्या मिनिटाला गोल लागत गेले गं, नशीब जोरावर होतं त्यांचं." मला हे अजिबात पटत नाही. त्या वर्षी मी लेव्हरकुझेनमध्येच, वीसडॉर्फ भागात राहत होते. मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तो हंगाम इतक्या जवळून पाहिल्यावर सगळं श्रेय नशिबाला द्यायला जीभ रेटत नाही, म्हणून हे लिहितेय.

हे गावच कारखान्याचं आहे. कार्ल लेव्हरकुस नावाच्या रंग बनवणाऱ्या उद्योजकावरून गावाचं नाव पडलं, पुढे बायर कंपनी आली आणि १९०४ मध्ये कंपनीच्या कामगारांचा क्लब सुरू झाला. (मी ठाण्याची. बायरचं नाव लहानपणापासून ओळखीचं, पण या कंपनीच्या नावाची फुटबॉल टीम असते हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.) जर्मनीत क्लबच्या मतांचं बहुमत सभासदांकडेच असावं असा नियम आहे. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग हे त्याला जुने अपवाद. त्यामुळे बाकीच्या गावांतले चाहते यांना 'प्लास्टिक क्लब' म्हणून हिणवतात. माझं ऑफिस कोलोनला, तिथे तर हे रोज ऐकायला मिळायचं. ज्या क्लबसाठी शंभर वर्षांपूर्वी कामगारांनी स्वतः कंपनीकडे मागणी केली, त्याला प्लास्टिक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, याच कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्यामुळे मला या क्लबचं जुनं दुखणं कळलं. २००० साली शेवटच्या दिवशी उंटरहाखिंगमध्ये फक्त बरोबरी हवी होती. लेव्हरकुझेनच्याच मिखाएल बालाकने स्वतःच्या जाळ्यात गोल मारला, सामना ०-२ गेला आणि गोलफरकावर बायर्न म्युनिक विजेता ठरला. २००२ तर त्याहून वाईट. लीग एका गुणाने डॉर्टमुंडकडे गेली, जर्मन कपची फायनल शाल्केने जिंकली आणि चॅम्पियन्स लीगची फायनल रेआल माद्रिदने, झिदानच्या त्या व्हॉलीवर. तीनही ठिकाणी हातातोंडाशी आलेला घास गेला. पाच वेळा लीगमध्ये दुसरे, पहिले कधीच नाहीत, म्हणून 'फिझेकुझेन' (जर्मनमध्ये 'फिझे' म्हणजे उप-, दुसरा) हे टोपणनाव कायमचं चिकटलं. आजोबा अख्खा हंगाम गुणतक्ता बघायचे नाहीत. टीव्हीवर तक्ता आला की उठून स्वयंपाकघरात कॉफी ठेवायला जायचे.

शाबी अलोन्सो कोच म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा टीम तक्त्यात शेवटून दुसरी होती. मोठ्या टीमला कोचिंग करण्याचा अनुभव त्याला नव्हता. त्या हंगामात त्याने टीम सहाव्या क्रमांकापर्यंत आणली आणि २०२३ च्या उन्हाळ्यात क्लबने फार डोकं लावून खरेदी केली. आर्सेनलहून ग्रानिट जाका, बेनफिकाहून ट्रान्स्फरचे पैसे न देता अलेहांद्रो ग्रिमाल्दो, बेल्जियममधून व्हिक्टर बोनिफेस, आणि बायर्नकडून उसना आणलेला योसिप स्टानिशिच. याच उन्हाळ्यात बायर्नने हॅरी केनला आणलं होतं. केनने लीगमध्ये ३६ गोल केले, तरी बायर्न तिसरे आले.

आता त्या शेवटच्या मिनिटांबद्दल. लेव्हरकुझेनचा खेळ पहिल्या अर्ध्या तासात बघितला तर कधी कधी काहीच घडत नाही असं वाटतं. बचावपटू ताह आणि टाप्सोबा मागून जाकाला पास देतात, जाका परत मागे देतो, पुन्हा घेतो. डावीकडे ग्रिमाल्दो आणि उजवीकडे फ्रिम्पाँग अगदी रेषेला चिकटून उभे, म्हणजे समोरच्या टीमला मैदानाची पूर्ण रुंदी सांभाळावी लागते. मधल्या फटीत फ्लोरिआन विर्त्झ फिरत असतो. कणीक मळताना घाई केली की पोळी वातड होते, तशी या टीमला घाई चालतच नव्हती. ऐंशी मिनिटं चेंडूमागे धावून समोरच्यांचे पाय जड व्हायचे, आणि मग हे लोक बाकावरून पाट्रिक शिकसारखा ताज्या दमाचा स्ट्रायकर उतरवायचे. पुढे बरोबरी असो की पिछाडी, शेवटच्या पाच मिनिटांतही चेंडू वर भिरकावून देण्याऐवजी तेच छोटे पास चालू असायचे. ही शिस्त होती आणि ती रोज सरावात घोटलेली होती.

जानेवारीत हे नीट दिसलं. टाप्सोबा, कोसुनू आणि आदली आफ्रिकन कपला गेले, बोनिफेस जखमी झाला. लोक म्हणाले, आता घसरण. पण ऑग्सबुर्गला पालासिओसने भरपाई वेळेत १-० केलं आणि पुढच्या आठवड्यात लाइपझिगला इंकापिएने तसाच शेवटी ३-२ केलं. माणसं बदलली तरी खेळ बदलला नाही.

१० फेब्रुवारीला बायर्न इथे आले आणि ३-० हरून गेले. पहिला गोल स्टानिशिचचा, बायर्नच्याच माणसाचा! दुसरा ग्रिमाल्दोचा. तिसरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही: भरपाई वेळेत बायर्नच्या कॉर्नरला त्यांचा गोलरक्षक नॉयर पुढे आला होता, चेंडू निसटला आणि फ्रिम्पाँगने लांबूनच तो रिकाम्या जाळ्याकडे धाडला. चेंडू टप्पे खात जाताना पूर्ण स्टँड आधीच उभं राहिलं होतं. त्या दिवशी आजोबांनी तक्ता पाहिला. बोलले मात्र काही नाहीत.

त्याच महिन्यात देशभर चाहते मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवत होते. लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा बेत होता, त्याविरुद्ध. शेवटी लीगने तो बेत सोडून दिला. मला याचं मनापासून कौतुक वाटलं.

घरच्या सामन्यांना माझी एक वेगळीच गंमत असायची. इंटरनेटवरचं प्रक्षेपण मागे असतं आणि खिडकीतून मैदानाचा आवाज थेट येतो. त्यामुळे गोल आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. ३० मार्चला हॉफेनहाइम ०-१ ने पुढे होतं. ८८ व्या मिनिटाला आन्ड्रिचचा गोल आला तेव्हा स्क्रीनवर चेंडू अजून अर्ध्या मैदानात होता. लगेच थोड्या वेळात दुसरा गलका, पहिल्यापेक्षा मोठा. स्क्रीनवर शिक तेव्हा साधा उभा होता आणि मी मात्र ओरडत होते.

१४ एप्रिलला ब्रेमेनविरुद्ध जिंकलं की विजेतेपद नक्की होतं. सकाळपासून मैदानाशेजारच्या बिस्मार्कश्ट्रासवर लाल धूर. पाटीवर कोणीतरी 'शाबी अलोन्सो मार्ग' असं चिकटवलं होतं. बोनिफेसची पेनल्टी, जाकाचा लांबून मारलेला गोल, आणि दुसऱ्या हाफला बदली म्हणून आलेल्या विर्त्झचे तीन. पाचव्या गोलनंतर लोक मैदानात घुसले आणि सामना तिथेच संपला. आजोबा मुसमुसत होते, त्यांची बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. आम्ही सगळे खाली रस्त्यावर उतरलो ते मध्यरात्रीपर्यंत.

नशीब म्हणणाऱ्यांना मी इथून पुढचं सांगते. लीग खिशात होती, पाच सामने उरले होते, हरले असते तरी कोणी ब्र काढला नसता. डॉर्टमुंडला स्टानिशिचने ९७ व्या मिनिटाला बरोबरी केली. पुढच्या आठवड्यात श्टुटगार्टने इथे येऊन ०-२ ची आघाडी घेतली, आणि आदलीनंतर आन्ड्रिचने ९६ व्या मिनिटाला २-२ केलं. युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत, रोमाविरुद्ध पुन्हा स्टानिशिच, पुन्हा ९७ वं मिनिट. त्या गोलने सगळ्या स्पर्धा धरून सलग ४९ सामने अपराजित राहण्याचा युरोपातला विक्रम झाला, बेनफिकाचा साठच्या दशकातला ४८ चा विक्रम मोडून. १८ मेला ऑग्सबुर्गला हरवून लीग संपली: २८ विजय, ६ बरोबरी, ९० गुण. बुंडेसलिगात हे आजवर कोणालाच जमलं नव्हतं.

चार दिवसांनी डब्लिनला युरोपा लीगच्या फायनलमध्ये अटलांटाच्या लुकमनने तीन गोल मारून ५१ सामन्यांची ही साखळी तोडली. अटलांटा त्या दिवशी निर्विवाद सरस होते. त्यानंतर तीनच दिवसांत बर्लिनला जर्मन कपची फायनल. कोसुनूला हाफटाइमच्या आधीच लाल कार्ड मिळालं आणि दहा जणांनी जाकाचा एक गोल शेवटपर्यंत सांभाळून कप जिंकला.

आता अलोन्सो गेला, विर्त्झ, फ्रिम्पाँग, ताह, जाका, सगळे पांगले. ज्यांनी तो हंगाम बघितला नाही त्यांनी ब्रेमेनचा ५-० बघू नये असं माझं मत आहे. श्टुटगार्टचा २-२ बघा, पूर्ण, पहिल्या मिनिटापासून.