तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरिशस, दोन पोरं आणि अडीच लाख

परत येऊन वर्ष होत आलं तरी लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, परवा तर चक्क हळदीकुंकवाला, प्रश्न तोच, "अगं, पोरांना घेऊन आफ्रिकेतल्या बेटावर गेला होतात ना, परवडलं कसं गं?" आणि विचारणारीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की तिच्या मते एकतर आम्हाला लॉटरी लागलीय नाहीतर आम्ही कर्ज काढलंय. दोन्ही नाही हो. एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

आधी आकडा, कारण तुम्हाला तोच हवाय. आम्ही दोघं, मुलगी दहाची, मुलगा सहाचा, आठ रात्री, सगळं धरून अडीच लाखाच्या थोडं वर. त्यातले दीड लाखाच्या वर नुसती चार तिकिटं, म्हणजे खरा खर्च तिथे पोचायचाच आहे, तिथे राहणं तुम्ही म्हणाल तितकं स्वस्त. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तास, आणि भारतीय पासपोर्टवर व्हिसाची फी नाही, विमानतळावर शिक्का मिळतो, फक्त परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हातात पाहिजे आणि निघायच्या आधी मॉरिशस सरकारचा प्रवाशांसाठीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा.

झांझिबारही बघितलं होतं आधी. तिथे टांझानियाचा व्हिसा माणशी ५० डॉलर, वर आता सक्तीचा इन्शुरन्स, चार जणांचं गणित केलं आणि नवऱ्याने लॅपटॉप मिटला. शिवाय पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोरं अर्धा दिवस चिखल तुडवत बसणार, पोहायचं तर उत्तरेला नुंगवी, केंडवाला राहायचं आणि तिथली हॉटेलं महाग. सेशेल्सला व्हिसा लागत नाही पण तिथल्या जेवणाचे दर बघून मीच गप्प बसले.

आता मुद्द्याचं. मॉरिशस म्हटलं की आपल्या डोक्यात येतं ते रिसॉर्ट, पाण्यावरची झोपडी, पलंगावर टॉवेलचे बदक आणि गुलाबाच्या पाकळ्या, म्हणजे हनिमूनवाल्यांचं पॅकेज. ते घेऊच नका. तिकडे कायद्यानेच किनारा सगळ्यांचा आहे, पंचतारांकित हॉटेलच्या पुढ्यातल्या वाळूवरही तुम्ही चटई टाकून बसू शकता, खुर्ची त्यांची, समुद्र सगळ्यांचा. मग समुद्रासाठी रोजचे तीस हजार कशाला मोजायचे? आम्ही पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकमध्ये किचनवाला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, रात्रीचे आपले पाच हजारांच्या आत, समुद्र चालत चार मिनिटं. सकाळी बेकरीतून गरम लांब पाव, सुपरमार्केटमधून दूध-अंडी-भाजी, कुकर मी घरून नेला होता (हसा खुशाल, आठ रात्रींत पाच वेळा खिचडी झाली आणि पाचही वेळा पातेलं पुसून खाल्लं). दुकानं मात्र लवकर बंद होतात, आणि संध्याकाळनंतर बसचाही भरवसा नाही.

पश्चिम किनाराच का, तर तिकडे वारा आग्नेयेकडून येतो आणि आपल्या सुट्टीच्या सुमारास पूर्वेला आणि दक्षिणेला चांगलाच झोडपतो, पश्चिम आणि उत्तर आडोशाला. उत्तरेला मों श्वाझी, ट्रू ओ बिश हेही पोरांसाठी मस्त. ते बेट विषुववृत्ताच्या खाली, म्हणजे आपला मे महिना हा तिकडचा हिवाळा सुरू व्हायचा काळ, दर उतरलेले, ऊन सुसह्य, पाणी अजून कोमट. डिसेंबरात जाऊ नका, ख्रिसमसमुळे सगळं दुप्पट, आणि जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. मेमधली एकच खोट, पावणेसहाला सूर्य बुडतो, त्यामुळे पोरांना सकाळी लवकर उठवून पाण्यात ढकलायला लागतं.

आणि ते पाणी! बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिकडे लांब फुटतात, पांढरी रेघ दिसते नुसती, आणि अलीकडे कमरेएवढं शांत निळं तळं. माझा मुलगा गणपतीपुळ्याच्या लाटेला घाबरून माझ्या गळ्यातून उतरला नव्हता, तो इथे तिसऱ्या दिवशी तोंड पाण्यात घालून मासे मोजत होता. याच एका गोष्टीसाठी मी परत जाईन. पण रबरी चपला घाला, घाला, घाला. पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांनी "कशाला, वाळूच तर आहे" म्हणून अनवाणी पाऊल टाकलं ते थेट समुद्री साळिंदरावर, टाचेत सहा काळे काटे. नंतर तीन दिवस ह्यांनी लंगडत का होईना, पोरांच्या चपला रोज स्वतः तपासल्या.

खाण्याबद्दल सगळ्या जणी विचारतात, व्हेज मिळतं का. अगं, तिथला राष्ट्रीय नाश्ताच व्हेज आहे. ढॉल पुरी. पुरणपोळीतून गूळ काढा, डाळीत हळद-जिरं घाला, पोळी रुमालासारखी मऊ लाटा, झाली. एक कोणी मागत नाही, जोडीच देतात, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा, हिरवी चटणी, कागदात गुंडाळून हातात. जोडीला आपले पन्नास-साठ रुपये, दोन जोड्यांत मोठ्या माणसाचं जेवण. गातो पिमां म्हणजे आपला डाळवडाच, पावात घालून खातात, वडापाववाल्यांनी लाजू नये. आलुदा म्हणजे फालुद्याचा चुलतभाऊ. आणि किनाऱ्यावर अननस सोलून तिखटमीठ-चिंच लावून देतात, मुलीने रोज एक या हिशोबाने आठ संपवले.

पैसे वाया गेले ते एकदाच, इल ओ सेर्फ या पूर्वेकडच्या छोट्या बेटावर जाताना. तिथल्या बोटी सुटतात त्या ट्रू दो दूस गावाला पोचायच्या आधीच रस्त्यात एकाने गाठलं, बोट अधिक धबधबा अधिक बार्बेक्यू लंच, आम्ही घासाघीस करून खूश. बोटीत शेजारी बसलेल्या कुटुंबाने धक्क्यावर जाऊन त्याच फेरीचे जवळपास निम्मे दिले होते. लंचमध्ये आम्हा शाकाहारी दोघींना सॅलड आणि पाव. गाडी मात्र पाच दिवस भाड्याने घेतली त्याचा पश्चात्ताप नाही, डावीकडूनच चालवतात, चार जणांना टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते.

एक दिवस पोर्ट लुईला द्या. म्युझियममधला डोडो या नामशेष पक्ष्याचा सांगाडा मुलांसाठी, आणि आप्रवासी घाट तुमच्यासाठी, तिकीट नाही. १८३४ पासून आपल्याकडून मजूर बोटींनी इथे उतरवले, साडेचार लाखांच्या वर माणसं, उसाच्या मळ्यात राबायला. घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या चढून आलं की कागदावर नोंद. बिहार-यूपीचे जास्त, पण आपले कोकणातलेही होते, आणि त्यांची पोरंबाळं आजही मराठी म्हणून ओळख सांगतात. मोकाला त्यांचं महाराष्ट्र भवन आहे, २०२३ मध्ये तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा बसला, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

हे सगळं मी वाचून गेले होते, तरी रविवारी जे झालं त्याची तयारी नव्हती. रविवारी सगळं मॉरिशस किनाऱ्यावर येतं. फिलाओ म्हणतात ते झाड, म्हणजे आपला सुरू, अलिबाग-हर्णैला असतात तेच सुरूचे बन, त्याखाली चादरी, बिर्याणीचे डेग, डब्यांचे ढीग, कुठेतरी रावान, म्हणजे तिकडचा डफ, वाजतोय आणि आज्या पाय हलवत सेगा हा तिकडचा नाच नाचतायत. आमच्या शेजारच्या चादरीवरच्या आजोबांनी मला मुलावर "अरे चप्पल घाल!" असं खेकसताना ऐकलं आणि मान वळवली. आधी क्रेओल, म्हणजे तिकडची फ्रेंचवरून आलेली बोली, मग तुटकं इंग्रजी, मग छातीवर हात ठेवून, "मराठी. आमी पण." त्यापुढे मराठी त्यांना फारशी येत नव्हती. पण गणपतीची आरती अख्खी पाठ, पणजोबांकडून घरात चालत आलेली, उच्चार जरा फ्रेंच वळणाचे. माझा सहा वर्षांचा त्यांच्यासोबत टाळ्या वाजवायला लागला, आणि आजींनी न विचारता चार प्लेटी भरल्या. व्हेज आहे का हे विचारायचं राहूनच गेलं. भात बाजूला सारून बघितलं तर बटाटे निघाले, आणि खाली मासा. मासा ह्यांना दिला, बटाटे आम्ही दोघींनी वाटून घेतले.