कॉन्ट्रॅक्ट वाढणार का, हे मी आता विचारत नाही

मी फ्रीलान्स सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कॉन्ट्रॅक्ट कधी तीन महिन्यांचं, कधी सहा, क्वचित वर्षाचं. काम तेच, टीम तीच, सकाळचा कॉल तोच. फक्त शेवटची तारीख जवळ आली की सगळ्यांचं बोलणं गुळमुळीत व्हायला लागतं. "होऊन जाईल गं", "वरून फक्त एक अप्रूव्हल बाकी आहे", "तुला सोडून आम्ही जाणार कुठे?" असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना मनापासून तसंच वाटत असतं. अडचण एवढीच की सही त्यांची नसते.

सुरुवातीच्या काळात मी शकुन बघायचे. मॅनेजर कॉलवर नेहमीपेक्षा कमी बोलला, अपशकुन. नव्या मॉड्यूलची माहिती मला द्यायला सांगितली, शुभशकुन. एकदा तर कॉन्ट्रॅक्ट संपल्यानंतरच्या आठवड्यातल्या प्लॅनिंग मीटिंगचं इन्व्हाइट कॅलेंडरवर दिसलं आणि माझा तो सबंध दिवस मजेत गेला. मग उघडून बघितलं तर ती रिकरिंग मीटिंग. कोणीतरी कधीकाळी लावून ठेवलेली, शेवटची तारीखच न टाकता. मीटिंगचं कॉन्ट्रॅक्ट माझ्यापेक्षा पक्कं होतं.

हे सगळं बदललं ते एका क्लायंटकडच्या फायनान्सच्या मॅडममुळे. माझं एक बिल अडकलं होतं, त्यानिमित्ताने बोलणं झालं आणि त्यांनी सहज सांगितलं की एक्स्टेन्शनचा कागद कुठून कुठे जातो. मॅनेजर विनंती टाकतो. डिपार्टमेंट हेड ती प्रोजेक्टच्या बजेटमधून मंजूर करतो. फायनान्स बघतं की त्या खात्यात पैसे शिल्लक आहेत का. मग पर्चेसवाले पीओ, म्हणजे कामाची लेखी पर्चेस ऑर्डर, काढतात, अटी बदलल्या असतील तर मध्ये लीगल. यातला एक जरी माणूस रजेवर गेला तरी कागद तिथेच बसतो. आणि दुसरी गोष्ट: कायम नोकरांचे पगार बजेटमधल्या एका हेडखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, आम्ही बहुतेक वेळा प्रोजेक्ट खर्चाच्या हेडखाली. क्वार्टर संपताना खर्च आवरायचा झाला तर आमचा हेड पहिला छाटला जातो, कारण तिथे कोणाला काढावं लागत नाही. नुसतं पुढे चालू ठेवायचं नाही, एवढंच. "तुमचं काम चांगलं की वाईट, असा रकानाच नाहीये त्या फॉर्मवर," मॅडम म्हणाल्या. मला हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं बहुधा. मला हायसं वाटलं.

त्यानंतर मी सध्याचं कॉन्ट्रॅक्ट बाहेर काढून वाचलं. म्हणजे सही करताना वाचलं होतंच, पण तेव्हा दर, कामाचे तास आणि पेमेंटच्या अटी यांच्यापलीकडे नजर जात नाही. अशा करारांत बरेचदा एक कलम असतं: मुदत संपल्यावर पुढे काम देण्यास क्लायंट बांधील नाही, आणि देऊ केलेलं काम स्वीकारण्यास कॉन्ट्रॅक्टर बांधील नाही. पहिला अर्धा भाग मला तोंडपाठ होता, रात्री झोप लागत नसताना तोच डोक्यात फिरायचा. दुसरा अर्धा माझ्या बाजूचा आहे, हे जणू नव्याने दिसलं. मुदत संपल्यावर पुढचं काम हा नवा व्यवहार आहे. तो करायचा की नाही, कोणत्या दराने करायचा, हे मलाही ठरवायचं आहे. उगाच परीक्षेच्या निकालासारखी वाट का बघत बसायची?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला होता. लोकांना कॉम्प्युटरवर दगड उलटवायला सांगायचे. खाली साप निघाला तर हाताला विजेचा सौम्य झटका. झटका बसणारच हे नक्की माहीत असताना लोकांना जेवढा ताण यायचा, त्यापेक्षा जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना यायचा. मला हे कोणी सांगायची गरज नव्हती, पण मोजून दाखवलेलं बघून बरं वाटलं. मग मी शक्यता शून्य धरायला लागले. कॉन्ट्रॅक्टवर जी तारीख आहे त्या दिवशी काम संपणार, असं कॅलेंडरवर लिहून टाकते आणि पुढचं सगळं त्या हिशेबाने करते. वाढलं तर ते नवीन काम मिळालं.

म्हणायला सोपं. खरी गोम पैशात असते, आणि त्यात एक गोष्ट नव्या फ्रीलान्सरांना हमखास चकवते. समजा कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपलं आणि पेमेंट बिलानंतर ६० दिवसांनी आहे. फेब्रुवारीचे पैसे एप्रिलअखेर येतात, मार्चचे ३० मे रोजी. म्हणजे एप्रिल-मे घरी बसून काढले तरी खात्यात पैसे येतच राहतात आणि माणूस निवांत असतो. मग १ जूनला नवं काम मिळतं, सगळे अभिनंदन करतात. जूनचं बिल ३० जूनला, तेही ६० दिवसांवर, म्हणजे २९ ऑगस्ट. जून, जुलै आणि जवळजवळ सगळा ऑगस्ट कोरडा. रोज काम चालू आहे आणि खिशात काही नाही! खंड कामात पडतो दोन महिन्यांचा, पैशात पडतो तीन महिन्यांचा, आणि तोही भलत्याच वेळी.

म्हणून माझ्या शीटमध्ये आता दोन वेगळे कॉलम आहेत, काम कधी आणि पैसे कधी. गाठीशी किती महिन्यांचा खर्च हवा हे दुसऱ्या कॉलमवरून ठरतं. काम शोधायला तीन महिने आणि पहिलं पेमेंट हातात पडेपर्यंत तीन, असं धरून मी सहा महिन्यांवर आले. तिथवर पोचायला वेळ लागला, आणि मधल्या काळात घरातल्या पगारदार माणसाचा आधार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो आधार ज्यांना नाही त्यांनी पेमेंटचे दिवस ६० वरून ३० वर आणण्यासाठी जास्त भांडावं, दरापेक्षाही जास्त.

दराचं गणितही याच शीटमधून निघालं. वर्षाचे ५२ आठवडे, पाच दिवसांचे धरले तर २६० दिवस होतात. सुट्ट्या, आजारपण आणि दोन कामांमधला खंड वजा केला की बिल करता येतील असे साधारण २०० उरतात. दर २६० वर बसवला असेल तर प्रत्येक खंड आपल्या खिशातून जातो. २०० वर बसवायचा तर तो तीस टक्के चढा निघतो. एवढा चढा दर सगळे देत नाहीत. पण आपण किती सोडतोय ते तरी कळतं.

आता विचारण्याबद्दल. "वाढणार आहे का?" या प्रश्नाला "हो, वाढायला हवं" याखेरीज उत्तर नाही, कारण समोरच्याला नाही म्हणायचं नसतं. त्याऐवजी तारखेच्या आठ आठवडे आधी मी मेल टाकते: पीओची विनंती गेली का, नसेल तर कधी जाणार, आणि मंजुरी कोणाकडून लागते? पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा मॅनेजरचं उत्तर आलं, "अरे हो, ती मला टाकायची असते ना." त्याच्या डोक्यातच नव्हतं. त्याच दुपारी त्याने ती टाकली. चांगल्या हेतूच्या माणसाकडून नुसतं विसरल्यामुळे किती कॉन्ट्रॅक्टं लटकत असतील, देव जाणे.

सहा आठवडे उरले आणि कागद हलला नसेल तर मी ओळखीच्यांना कळवते की अमुक तारखेपासून मोकळी आहे. हे मी क्लायंटपासून लपवत नाही. एका मॅनेजरला ते लागलं होतं, "म्हणजे तू चाललीस?" मी म्हटलं, "कॉन्ट्रॅक्टप्रमाणे मी त्या तारखेला चाललेच आहे, तुम्ही थांबवलंत तर थांबेन." त्यावर तो हसला, पण कागद काही लवकर आला नाही.

त्याच क्लायंटकडे मग महिन्याची पहिली तारीख उजाडली. माझं लॉगिन आदल्या मध्यरात्री आपोआप बंद झालेलं, आणि फोनवर निरोप: "आयटीला सांगून ॲक्सेस चालू करून देतो, तू काम सुरू कर, पीओ मागून येईलच." ही वेळ सगळ्यात कठीण. टीमचं रिलीज तोंडावर, मुलं ओळखीची, आणि आपण अडवून धरतोय असं वाटतं. पण पीओवर नसलेल्या दिवसांचं बिल सिस्टीम घेतच नाही, हे मला त्या फायनान्सच्या मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, "पीओचा नंबर आला की तासाभरात लॉगिन करते." पुढच्या आठवड्यात नंबर आला. एवढे दिवस बुडाले ते बुडाले, पण फुकट तरी गेले नाहीत.

महिन्या-महिन्याने वाढवणाऱ्यांना मी आता वेगळा दर सांगते. सहा महिन्यांची हमी आणि एका महिन्याची हमी एकाच भावात मिळणार नाही. काही जण मान्य करतात. काही करत नाहीत, आणि गाठ हलकी असेल तर मीही मुकाट जुन्या दराने सही करते.

कधीकधी मात्र नकार कोणाच्याच हातात नसतो. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत कॉन्ट्रॅक्टरला सलग किती काळ ठेवायचं याची मर्यादा असते. त्यामागे जुनी प्रकरणं आहेत. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टमधल्या कंत्राटी लोकांनी, आम्ही नावालाच बाहेरचे आहोत, कर्मचाऱ्यांचे लाभ आम्हालाही द्या, म्हणून १९९२ मध्ये दावा लावला आणि २००० मध्ये तो ९.७ कोटी डॉलरला मिटला. तेव्हापासून वर्षानुवर्षं तिथेच असलेला कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की लीगलच्या कपाळावर आठ्या पडतात. मला अशीच मर्यादा आडवी आली तेव्हा मॅनेजर, त्याचा हेड, सगळे माझ्या बाजूने होते. काही उपयोग झाला नाही. आता काम सुरू करतानाच विचारते, अशी मर्यादा आहे का आणि परत येण्याआधी खंड किती घ्यावा लागतो.

तिथून निघताना हँडओव्हर नीट लिहून दिला, शेवटचं बिल त्याच दिवशी पोर्टलवर चढवलं, आणि लिंक्डइनवर शिफारस लगेच मागून घेतली. महिनाभराने मागितली तर लोक प्रेमाने हो म्हणतात आणि लिहीत नाहीत. पुढे त्यांच्यातलाच एक जण दुसऱ्या कंपनीत गेला आणि त्याने बोलावलं. सध्या तिथेच आहे. सहा महिन्यांचं आहे, पेमेंट ४५ दिवसांवर, आणि पीओच्या विनंतीची तारीख त्याच्या कॅलेंडरवर मीच टाकून ठेवली आहे.